वाफा कोणाचा?

दुबईतल्या आपल्या मंडळींना रास अल खोर म्हटलं की बहुधा तीन गोष्टी आठवतात: खाडीतले फ्लेमिंगो, जुन्या गाड्यांचा बाजार आणि भाजी मार्केट. माझ्यासाठी त्यात चौथी गोष्ट आहे. तिथल्या औद्योगिक वसाहतीत, एका गोदामाच्या मागच्या यार्डात, २०१८ ते २०२२ अशी जवळजवळ चार वर्षं आम्ही सहा मराठी कुटुंबांनी भाजीचे सहा गादीवाफे केले होते. 'केले होते' हे लिहितानाच माझा हात अडखळतो. का अडखळतो ते सांगावं म्हणून हा लेख. संपादकांनी माझ्याकडे 'वाळवंटातली मेथी' अशा धर्तीचं काहीतरी हलकंफुलकं मागितलं होतं. मेथी येईल, पण लेख हलका राहील याची हमी देत नाही.

अरबीत 'रास' म्हणजे डोकं किंवा टोक आणि 'खोर' म्हणजे खाडी. दुबईची खाडी जमिनीत शिरत शिरत जिथे संपते ते हे टोक. एका बाजूला भरती-ओहोटीची दलदल, खारफुटी आणि पक्षी. २००७ साली हे अभयारण्य रामसर यादीत गेलं. रस्ता ओलांडला की गोदामं, गॅरेजेस आणि ट्रकच्या रांगा. या भागातल्या मूळ जमिनीला सबखा म्हणतात. समुद्राच्या पातळीला टेकलेली, वर मिठाचा पापुद्रा धरणारी सपाट जमीन. आपल्याकडच्या खारेपाटाचं वाळवंटी भावंडच म्हणा. तिथे थेट जमिनीत बी टाकून काही हाती लागणं कठीण. आमच्या यार्डात तर वर काँक्रीटच होतं. तेव्हा भाजी करायची तर माती आधी तयार करायची आणि ती जमिनीच्या वर रचायची, एवढाच मार्ग होता.

गोदाम माझ्या कंपनीचं आणि यार्ड माझ्या अखत्यारीतलं, त्यामुळे परवानगी सहज मिळाली. प्रत्येक कुटुंबाने ३०० दिरहॅम वर्गणी काढली. मोडक्या पॅलेटच्या फळ्या काढून चार फूट रुंद, आठ फूट लांब आणि सव्वा फूट उंच अशा चौकटी केल्या. (पॅलेटवर शिक्का असतो तो पाहून घ्यावा. 'एचटी' म्हणजे लाकूड फक्त तापवलेलं, ते चालतं. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते खाण्याच्या भाजीजवळ आणू नये.) अशा एका वाफ्याला सुमारे ४० घनफूट माल लागतो. सहा वाफ्यांना २४०. तळाला पुठ्ठे आणि खजुराच्या वाळक्या झावळ्या, त्यावर थोडी धुतलेली वाळू, आणि बाकी सगळं कोकोपीट आणि कंपोस्ट. पहिल्या वर्षी खत विकत आणलं. पण ते वाफे पहिल्या हंगामातच तिसऱ्या हिश्शाने खाली बसले. सगळ्यांचेच बसतात, कारण कंपोस्ट कुजतच राहतं. दरवर्षी भर घालावी लागते, आणि दरवर्षी विकतचं खत परवडत नाही. म्हणून यार्डाच्या कोपऱ्यात आमचा स्वतःचा ढीग सुरू झाला.

आणि ढिगाबरोबर चाचा सुरू झाले.

चाचा म्हणजे यार्डाचे राखणदार-कम-सफाई कामगार. सिल्हेटकडचे बांगलादेशी. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण दाढीमुळे सगळे चाचाच म्हणत. राहायला यार्डातल्याच केबिनमध्ये. ढीग कसा लावायचा हे मी पुस्तकात वाचून त्यांना सांगितलं: तीस भाग कोरडं कार्बनवालं, एक भाग नत्र वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं आणि सायकल काढून भाजी मार्केटला गेले. २००४ साली हमरियाहून इकडे हलवलेलं ते प्रचंड मार्केट आमच्यापासून जवळच होतं. तिथून कोबीचे टाकलेले पाले, फुटलेले टोमॅटो, कुजलेली केळी असं पोतंभर घेऊन आले. एक थर पुठ्ठ्याचा, एक पाल्याचा, वर पाणी. चार दिवसांनी मला बोलावून म्हणाले, "साहब, हाथ डालो." मी मनगटापर्यंत हात घातला आणि झटकन काढला. ढिगाच्या पोटात सहज साठ अंश असतील. बारा वर्षांनी उकिरड्याचंही नशीब पालटतं म्हणतात. इथल्या उन्हात तेच काम तीन महिन्यांत होतं. अट एकच, ढीग सुकू द्यायचा नाही आणि वेळेवर उलटायचा. सुकला की कुजणं थांबतं आणि नुसती धूळ उरते.

आमचं वेळापत्रक होतं. वहीत रकाने आखून कोणत्या आठवड्यात कोणी पाणी घालायचं, कोणी ढीग उलटायचा, सगळं मीच लिहिलेलं. ऑक्टोबरमध्ये ते उत्साहात पाळलं गेलं. नोव्हेंबरमध्ये कोणाची मुलाची परीक्षा, कोणाची कंबर. डिसेंबरपासून वहीत खुणा होत राहिल्या, पण पाणी कोण घालतं ते सगळ्यांना माहीत होतं. आम्ही शुक्रवारी सकाळी टोप्या घालून यायचो, मेथी, शेपू, लाल माठ, मुळा, वांगी काढायचो, फोटो काढायचो, आणि सहा सारखे वाटे करायचो. चाचांना निघताना एक-दोन जुड्या द्यायचो, महिन्याला ५० दिरहॅम, आणि ईदला थोडे जास्त. कोणाच्याही मनात यात काही गैर आहे असं आलं नाही. माझ्याही नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही सगळे भारतात. इथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी असते, तो हा काळ. वाफे रिकामे असले तरी ओले ठेवावे लागतात, नाहीतर आतली गांडुळं आणि जिवाणू संपतात. पहाटे चारला उठून ते ओले कोणी ठेवले, हे सप्टेंबरमध्ये परतल्यावर आम्ही विचारलंही नाही. माती मऊ होती, एवढं पाहिलं.

चाचांनी एकदाच एक गोष्ट मागितली होती. वाफ्याच्या कडेला पुई लावू का? पुई म्हणजे आपला मायाळू. आमच्यातल्या एका वहिनींनी सांगितलं, "आपल्यात कोण खातं? उगाच जागा अडेल." कोकणात मायाळूची भजी करतात हे मला माहीत होतं, पण मी बोललो नाही.

मग २०२० उजाडलं. ४ एप्रिलपासून दुबईत चोवीस तासांची बंदी आली आणि तीन आठवडे घराबाहेर पडायलाही परवाना लागायचा. नंतर थोडी ढील मिळाली तरी आम्ही मेच्या मध्यापर्यंत यार्डात फिरकलो नाही. त्या सुमाराला वाफ्यांत शेवटची वांगी, टोमॅटो, गवार, भेंडी आणि पालक होता. मी गेलो तेव्हा वाफे जवळजवळ रिकामे होते. झाडं निगुतीने छाटलेली, माती ओली, पण फळ नाही.

आता मी जे बोललो ते इथे लिहायला मला संकोच वाटतो, पण लिहिल्याशिवाय लेखाला अर्थ नाही. मी विचारलं, "चाचा, सब्जी कहाँ गयी?"

त्यांनी खिशातून एक पुठ्ठ्याचा तुकडा काढला. त्यावर बंगालीत आकडे होते. आजूबाजूच्या तीन गोदामांतले पंधरा-सोळा कामगार त्या दिवसांत अडकून पडले होते. कोणाचं काम बंद, कोणाचा पगार लांबलेला. चाचांची आणि त्यांची एकत्र मेस होती. २४ एप्रिलला रमजान लागला. भाजी तिकडे गेली होती. किती वांगी, किती पालक, सगळं त्यांनी लिहून ठेवलं होतं, कारण साहेब हिशेब मागतील हे त्यांना ठाऊक होतं. "आप लोग का है, इसलिए लिखा," ते म्हणाले. पैसे कापायचे असतील तर पगारातून कापा, असंही म्हणाले.

घरी आलो तर बायको म्हणाली, "अहो, तुम्ही आज मामंजींसारखे दिसताय." ती सहज बोलली. मी मात्र रात्रभर जागा होतो, कारण तिने नेमकं कशावर बोट ठेवलं ते तिला कळलं नव्हतं.

थोडं मागे जातो. माझे आजोबा गिरगावात चाळीत राहणारे, सरकारी कचेरीत कारकून. अलिबाग तालुक्यात खारेपाटात आमची दोन एकर भातजमीन होती आणि ती एक कूळ कसत होतं. आजोबा वर्षातून एकदा सुगीनंतर जायचे, आपल्या वाट्याचं भात मोजून घ्यायचे आणि तांदळाची पोती रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला आणायचे. मग मुंबई कुळवहिवाट कायद्यातली दुरुस्ती आली आणि १ एप्रिल १९५७ या दिवशी, ज्याला कृषक दिन म्हणतात, कसणारं कूळ कायद्याने जमिनीचं खरेदीदार ठरलं. किंमत ठरायची ती जमिनीच्या आकाराच्या २० ते २०० पट, तीही हप्त्यांनी. आजोबांच्या हाती आलेली रक्कम इतकी किरकोळ होती की त्यांनी त्यातून आजीसाठी एक शिवणयंत्र घेतलं आणि ते यंत्र घरात कायम 'शेत' या नावाने ओळखलं गेलं. "शेतावर झाकण घाल गं," असं आजी म्हणायची. आम्ही हसायचो. आजोबा हसत नसत. 'आपली जमीन कुळात गेली' हे वाक्य मी त्या घरात इतक्यांदा ऐकलं की लहानपणी मला कुळ म्हणजे पूर किंवा दरड असं काहीतरी वाटायचं.

आमची बाजू मला पाठ होती. जमीन विकत घेतलेली, कष्टाच्या पैशाची. आजोबांनी कोणाला लुबाडलं नव्हतं. खोतासारखी वेठ नाही, मारहाण नाही. सगळं खरं. पण दुसरी बाजू आमच्या घरात कोणी सांगितली नाही, ती मला मोठेपणी वाचून कळली. खारेपाटातली शेतं निसर्गाने दिलेली नाहीत. खाडीच्या तोंडावर मातीचा बांध घालायचा, भरतीचं पाणी अडवायचं, पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन काढायचं, असं वर्षानुवर्षं केल्यावर तिथे भात पिकतं. दर पावसाळ्यापूर्वी बांध दुरुस्त करावा लागतो. एखाद्या उधाणाला खांड गेली की खारं पाणी आत शिरतं आणि शेत पुढची काही वर्षं वाया जातं. म्हणजे ती माती केलेली होती, आणि ती करणारे हात गिरगावात राहत नव्हते. याच खारेपाटात चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून तब्बल सहा वर्षं जमीन न कसण्याचा संप केला. पोटाला चिमटा काढून, जंगलातलं सरपण विकून दिवस काढले, पण शेतात पाय टाकला नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं त्याला या संपाचीही पार्श्वभूमी होती. आमचं गाव चरीपासून फार लांब नाही. आमच्या घरात मात्र चरीचं नावही कधी निघालं नाही.

रात्री हे सगळं डोक्यात फिरत होतं. आजोबांकडे निदान सातबारा होता. माझ्याकडे काय होतं? यार्ड कंपनीने भाड्याने घेतलेलं, मी व्हिसावर, कंपनीही भाडेकरारावर. जमीन माझी नाही, आणि वाफ्यातली माती तर चाचांच्या सायकलवरून आलेली. तरी 'भाजी कुठे गेली' हे विचारताना माझा आवाज हुबेहूब सुगीनंतर भात मोजणाऱ्या माणसाचा झाला होता. जमिनीशिवायही जमीनदार होता येतं, हे मला रास अल खोरला कळलं.

तुम्ही म्हणाल, इतकं काय मनाला लावून घ्यायचं? वर्गणी तुमची, फळ्या तुमच्या, बी तुम्ही पुण्याहून आणलेलं, पाण्याचं बिल कंपनीचं. चाचांना पगार मिळत होता. बरोबर आहे, आणि हा युक्तिवाद टाकाऊ नाही. मालमत्तेवर विचार करणाऱ्या थोरांनीही तो केलेला आहे. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने १६८९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात म्हटलं की सृष्टी मुळात सगळ्यांची; पण माणूस तिच्यात आपले श्रम मिसळतो तेव्हा ती वस्तू त्याची होते. वाचायला फार सुंदर. मी कॉलेजात यावर निबंध लिहिला होता. पण त्याच प्रकरणात, श्रमाने काय काय माझं होतं याची यादी देताना, लॉक आपल्या घोड्याने खाल्लेल्या गवताबरोबर आपल्या नोकराने कापलेली माती-गवताची ढेकळंही धरतो. नोकराचा घाम, मालकाचा हक्क, आणि हे त्याला इतकं स्वाभाविक वाटतं की त्यावर एक शब्दही खर्च करत नाही. परीक्षेच्या वेळी हे वाक्य माझ्या नजरेतून सुटलं होतं. आता सुटेना.

मजुरी घेतली की श्रमावरचा हक्क संपतो का? कारखान्यात आपण तसं मानतो. मीही कंपनीसाठी कामं करतो, नफा मागत नाही. पण माझ्या पगाराच्या करारात माझं काम लिहिलेलं आहे. चाचांच्या करारात राखण आणि झाडलोट होती. ढीग उलटणं नव्हतं. पहाटे चारचं पाणी नव्हतं. ते आम्ही मागितलंही नव्हतं. होऊ दिलं होतं. ५० दिरहॅमला आम्ही 'बक्षीस' म्हणत होतो, म्हणजे मजुरी नव्हे हे आम्हालाही कळत होतं. मजुरी म्हटलं असतं तर किती, हा प्रश्न आला असता.

आणि भाजीत आमचं होतं तरी काय? सतराव्या शतकात व्हान हेल्मोंट नावाच्या एका बेल्जियन माणसाने कुंडीत २०० पौंड वाळलेली माती तोलून भरली, त्यात विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६० पौंडांहून जास्त वाढलं, मातीचं वजन घटलं ते सुमारे दोन औंस. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचं बनतं. तो अर्धाच बरोबर होता, उरलेलं हवेतून येतं हे नंतर कळलं. आपल्याकडे कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी, जे पेशाने गणिताचे प्राध्यापक होते, प्रयोग परिवाराच्या शेतकऱ्यांना हेच वेगळ्या तऱ्हेने शिकवलं: पान म्हणजे ऊन पकडण्याची जागा, शेती म्हणजे उन्हाचं पीक. त्यांच्या पद्धतीने मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर, तिथल्याच ओल्या कचऱ्यातून माती करून, भाज्या आणि फळझाडं पिकवली गेली आहेत. तेव्हा मेथीच्या जुडीत ऊन आणि हवा फुकटची, आणि वजनाने बहुतेक पाणी. ते पाणी समुद्राचं गोडं केलेलं, नळापर्यंत कंपनीचं, आणि नळापासून वाफ्यापर्यंत चाचांचं.

जूनमध्ये मी सहाही कुटुंबांची बैठक बोलावली; त्या दिवसांतली म्हणून झूमवर. प्रस्ताव साधा होता: पुढच्या हंगामापासून सहाऐवजी सात वाटे, सातवा चाचांचा, आणि एका वाफ्यात काय लावायचं ते त्यांनी ठरवायचं. वाटलं होतं दहा मिनिटांत होईल. दीड तास चाललं. "मग त्यांनी वर्गणी भरावी." "आज भाजी, उद्या काय?" "आपण त्यांचं नुकसान तर केलं नाही ना!" एक मित्र, ज्याच्याबद्दल मला आदर आहे, तो म्हणाला, "तू आजोबांचं पाप आमच्या मेथीवर फेडतोयस." यात तथ्य होतं, आणि मी ते मान्य केलं. पण माझं पाप आहे म्हणून त्यांचा वाटा खोटा ठरत नाही, असंही म्हणालो. चार विरुद्ध दोन मतांनी ठराव झाला. ज्या वहिनींनी मायाळू नाकारला होता त्यांनी बाजूने मत दिलं. ते का, मी विचारलं नाही.

ऑक्टोबरमध्ये चाचांनी एका वाफ्यात पुई आणि लाल शाक लावलं. पॅलेटच्याच फळ्यांचा मांडव केला. त्या हिवाळ्यात सगळ्यात जास्त पीक त्याच वाफ्याने दिलं.

इथे गोष्ट संपली असती तर मला आवडलं असतं. पण जानेवारीत कुरबूर सुरू झाली. चाचा आपला वाटा मेसला देत होते आणि त्या बदल्यात त्यांची मेसची महिन्याची वर्गणी माफ होत होती. म्हणजे एका परीने ते भाजी विकत होते. "आपण खायला दिली, धंद्याला नाही," असा सूर आला. मलाही क्षणभर तसंच वाटलं. चाचांनी पुई स्वतः खावी, तृप्त व्हावं, आम्हाला बरं वाटावं, असं काहीतरी चित्र माझ्या डोक्यात होतं. वाचलेल्या पैशांतून ते घरी थोडे जास्त पाठवत होते, हे त्या चित्रात नव्हतं.

पुन्हा आजोबा आठवले. आमच्या कुळाच्या नातवाने ती जमीन आता विकली आहे. कुळाने मिळवलेली जमीन विकण्यावर पूर्वी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचं बंधन होतं. २०१४ सालच्या दुरुस्तीने, खरेदीला दहा वर्षं झाली असली तर आकाराच्या ४० पट नजराणा भरून ते सैल झालं. आज तिथे कोणाचा तरी पोहण्याच्या तलावासकट बंगला आहे. माझे वडील, ऐंशीच्या पुढचे, या बातमीने आजोबांपेक्षाही चिडले. "कसेल त्याची म्हणून घेतली, आणि विकून मोकळे!" मी फोनवर त्यांना विचारलं, "बाबा, आपल्याकडे राहिली असती तर आपण काय केलं असतं?" बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, "आपणही विकलीच असती रे. पण आपण कसत नव्हतो, आपल्याला शोभलं असतं."

हे वाक्य मी अजून चघळतो आहे. कसणाऱ्याने कसतच राहावं, विकणं-मोजणं हे आपल्यासारख्यांचं काम, असा त्याचा अर्थ होतो. कसेल त्याची जमीन ही घोषणा मला आज पटते. पण जमीन खरंच त्याची असेल तर ती विकण्याचा, पडीक ठेवण्याचा, चुकीचा निर्णय घेण्याचा हक्कही त्याचाच असतो. त्यानंतर शेतीचं काय होतं हा खरा आणि कठीण प्रश्न आहे, आणि त्या बंगल्याकडे पाहून मलाही वाईट वाटतं. पण तो प्रश्न ज्यांनी कधी नांगर धरला नाही त्यांनीच का विचारावा? वाट्याला अट घातली की तो वाटा राहत नाही, पुन्हा बक्षीस होतं. मी मंडळींना एवढंच म्हटलं की आपण आपली वांगी शेजाऱ्यांना देऊन त्यांच्याकडून दिवाळीचा फराळ घेतो, त्याला धंदा म्हणत नाही. विषय थांबला. मिटला असं म्हणणार नाही. एक कुटुंब पुढच्या हंगामात आलं नाही.

२०२२ च्या उन्हाळ्याआधी कंपनीने गोदाम जेबेल अलीला हलवलं. यार्ड होतं तसं मोकळं करून द्यायचं होतं. आता माती कोणाची? सगळे वाफे मोडून आम्ही ती पोत्यांत भरली: काळी, भुसभुशीत, पावसाचा वास येणारी माती, ज्या ठिकाणी चार वर्षांपूर्वी काँक्रीटशिवाय काही नव्हतं. नव्वदएक पोती झाली. फ्लॅटच्या बाल्कनीत कोण किती ठेवणार? कोणी दोन घेतली, कोणी चार. बाकीची चाचांनी फळ्यांसकट कंपनीच्या ट्रकमधून नव्या यार्डात नेण्याची परवानगी मागितली. फळ्यांवर त्यांनी आधीच खडूने आकडे घालून ठेवले होते, पुन्हा जोडायला सोपं जावं म्हणून. मी सही केली. सही करताना लक्षात आलं की या मातीवर माझी सही लागते हेच मुळात विचित्र आहे.

त्या दिवशी माझ्याबरोबर ती जुनी वही होती. सातवा रकाना जून २०२० पासून होता. त्याआधीची पानं कोरी. मला वाटलं, निदान नोंद तरी पुरी करावी. चाचांना विचारलं, पहिल्या दीड वर्षात ढीग किती वेळा उलटला असेल? ते एका पोत्यावर बसले, बोटांच्या पेरांवर मोजायला लागले. आठवड्याला एकदा. उन्हाळ्यात कधी दोनदा. भाजी मार्केटच्या फेऱ्या वेगळ्या. शेवटी म्हणाले, "अस्सी होगा साहब. ज्यादा भी होगा."

मी कोऱ्या पानावर ८० लिहिलं आणि पाण्याचं विचारलं. ते हसले, पोतं बांधायला उठले.

"अभी लिखके क्या करेगा, साहब?"

ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. मी वही मिटली आणि पोत्याचं दुसरं टोक धरलं.